ओढ्यापर्यंतचं कुंकू

आष्ट्यात आमच्या दारी झेंडूची फुलं विकायला एक बाई यायची. नाव कधी विचारलं नाही. चण इतकी लहान, की टोपली उतरवताना तीच आत पडेल असं वाटायचं.

लढाईची वर्षं होती ती. नवरात्रात अष्टमीला सासूबाईंना एक कुमारिका कमी पडली. त्यांनी हिलाच हाताला धरून पाटावर बसवलं, पाय धुतले. कपाळ मोकळं दिसलं, तेव्हा "घामानं पुसलं वाटतं," म्हणत ठसठशीत कुंकू लावलं. ती अंग चोरून बसली होती.

"कितवं वर्ष गं पोरी?"

"आवं, माजी लेकच धा वर्सांची हाय," ती हळूच म्हणाली. "मालक फौजंत व्हतं. लढाईत गेलं औंदा."

सासूबाईंच्या हातातला करंडा तसाच राहिला. मग त्यांनी पदराचं टोक ओलं करून पुढे केलं. तिनं मान मागे घेतली.

"लावलंसा तर ऱ्हाऊ द्या वाईच. ओढ्यावर पुसते मी."

ओढा आमच्या परसामागेच होता. टोपली उचलून ती मात्र गावाला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेनं गेली.