विनायकची बहीण

माधव नगरातल्या विजयाताईंची क्षिप्रेकाठच्या त्या हिंदी बोलणाऱ्या शहराला दोन-चार वर्षांतून एकदा आठवण यायची. सीमेवर काही घडलं, टीव्हीवर नकाशे आणि लाल बाण दिसायला लागले, की कोणीतरी शाल-श्रीफळ घेऊन दारात उभं राहायचं. "काकी, कार्यक्रम आहे. तुम्ही फक्त बसायचं." त्या जाऊन बसायच्या. मागे बॅनरवर भावाचा बावीस वर्षांचा चेहरा, समोर घोषणा. मग वातावरण निवळायचं, शाल कपाटात जायची, आणि विजयाताई पुन्हा भूगोलाच्या निवृत्त बाई व्हायच्या.

भाऊ विनायक सैन्यात लाइनमन होता. टेलिफोनच्या तारा टाकायच्या, तुटल्या की जोडायच्या. एकाहत्तरच्या डिसेंबरात घरी तार आली, त्यात एकच शब्द कळण्यासारखा होता: बेपत्ता. विजयाताई तेव्हा पंधरा वर्षांच्या. पुढच्या वर्षी कैदी परत आले, तेव्हा वडील पेपरातल्या नावांवरून रोज बोट फिरवायचे. विनायकचं नाव आलं नाही. काही वर्षांनी त्याला मृत मानल्याचा कागद आला, तर आईनं त्यावर सही करायचं नाकारलं. पितृपक्षात रामघाटावर सगळ्या पूर्वजांना पाणी दिलं जाई, विनूला नाही. विजयाताईंना दोन चांगली स्थळं आली होती. "विनू येऊ दे, मग करू," आई म्हणाली. तिसरं स्थळ आलंच नाही. पुढे आई-वडील गेले; वाट पाहणं तेवढं ताईंच्या वाट्याला राहिलं.

गेल्या मे महिन्यात पुन्हा तणाव वाढला. सायरनची तालीम झाली. भाजीच्या ठेल्यावर उभे राहून लोक कुठवर आत घुसायचं ते ठरवू लागले, आणि एखाद्यानं 'पण' म्हटलं की सगळे त्याच्याकडे वळून बघत. अशात शैलेंद्र आला. लहानपणी ताईंकडे शिकवणीला येणारा हा मुलगा आता एका पक्षाचं काम करायचा.

"काकी, यावेळी दोन मिनट बोलायचं पण आहे. मी लिहून आणलंय."

ताईंनी चष्मा लावून कागद वाचला. "'माझ्या भावाच्या मृत्यूचा बदला घ्या.' अरे, तो गेला असं तुला कोणी सांगितलं?"

"काकी, पब्लिकच्या भावना समजून घ्या ना."

तरीही त्या गेल्या. चार माणसं भावाचं नाव घेतील, एवढाच त्यांचा लोभ. टॉवर चौकात माइकसमोर उभं राहून त्यांनी हिंदीत वाचायला सुरुवात केली. "मेरे भाई का बदला..." आणि जीभ अडली. कागदाची घडी घालून त्या आपल्या मनानं बोलू लागल्या. देशाचं रक्षण व्हायलाच हवं. लढायचं की नाही, ते ज्यांना कळतं त्यांनी ठरवावं. पण ज्याला पाठवाल त्याचं पुढे काय झालं, ते घरच्यांना सांगा. "माझा भाऊ विनायक तारा जोडायला गेला, तो परत आला नाही. इथे कोणाला काही माहीत असेल, तर मला सांगा." तेवढ्यात मागे देशभक्तीचं गाणं मोठ्यानं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी शेजारची मुक्ता, कॉलेजात शिकवणारी, मोबाइल घेऊन आली. त्यावर ताईंच्या भाषणाचे दोन तुकडे फिरत होते. एकात त्या फक्त "बदला" म्हणत होत्या आणि खाली ढोल वाजत होता. दुसऱ्यात "लढायचं की नाही" एवढंच ठेवून, शहिदाच्या बहिणीचा सरकारला सवाल, असं लिहिलं होतं. टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही तुकडे लावले गेले, आणि त्यांच्या नावानं दोन माणसं एकमेकांवर ओरडली. भजनाच्या मंडळात एकीनं त्यांचे पाय धरले, तर दुसरी म्हणाली, "या वयात देशाविरुद्ध बोलावं का ताई?"

ताईंनी शैलेंद्रला फोन लावला. "बाबा रे, माझं शेवटचं वाक्य तेवढं टाक ना कुठेतरी."

तो म्हणाला, "काकी, खरं सांगू? ते वाक्य कोणी फॉरवर्ड नाही करणार. त्यात कोणाची बाजूच नाहीये."

मुक्तानं मग भाषणाची अख्खी दोन मिनिटं स्वतःच टाकली. बघणारे शंभरसुद्धा झाले नाहीत. आठवड्याभरात बंदुका थांबल्या, टीव्हीवर दुसरा विषय आला आणि बॅनर उतरले.

जूनमध्ये एका दुपारी फोन आला. आवाज म्हाताऱ्याचा, मराठी वऱ्हाडी वळणाची. "मी माणिकराव, पांढुर्ण्याहून. पानठेल्यावर एकानं तो बदल्याचा व्हिडिओ दाखवला. नाव ऐकलं, मग नातवाकडून पूर्ण शोधून घेतला. तुम्ही विजू काय?"

आई गेल्यापासून त्यांना विजू कोणी म्हटलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या.

"मी विनायकसंगं होतो. तुमची पत्रं तो आम्हाले मोठ्यानं वाचून दाखवे. क्षिप्रेच्या पुरात कोणाची गाय पायऱ्यांवर अडकली, सगळं ठाऊक होतं आम्हाले." मग आवाज बारीक झाला. "त्या दिवशी पाळी माझी होती, बाई. मले ताप होता. तो म्हणाला, तू झोप, मी जातो. म्हणून आजवर आलो नाही, कोणत्या तोंडानं येऊ?"

राग यायला हवा होता. ताईंनी वाटही पाहिली, पण ओठांवर आलं ते वेगळंच. "थंडी होती का हो? स्वेटर घातला होता का त्यानं?"

"घातला होता. माझाबी त्यालेच दिला होता."

ऑगस्टात मुक्ताला सोबत घेऊन त्या भोपाळ, इटारसी, मुलताई करत पांढुर्ण्याला पोहोचल्या. वाटेत शैलेंद्रचा फोन आला. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम होता. "मी गावाला आलेय," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

माणिकराव अंगणात खाटेवर बसले होते. ताईंना पाहून उठायला गेले, ताईंनीच त्यांना बसवलं. मग त्यांनी सांगितलं. गोळ्यांच्या माऱ्यात तुटलेली तार विनायकनं जोडली होती. जोडून झाल्यावर तपासायला त्यानं फोन केला, तो माणिकरावांनीच उचलला. तो म्हणाला, "माणिक, ताप उतरला का रे?" ते "हो" म्हणाले, आणि लाइन गेली. सकाळपर्यंत ती जमीन शत्रूकडे होती. विनायकचं पुढे काय झालं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

मुक्तानं ताईंचा हात धरला. ताई रडल्या नाहीत. भावाचा चेहरा बॅनरवर पाहून पाहून पाठ झाला होता, पण त्याचा आवाज कसा होता हे कितीतरी वर्षांपूर्वी विसरायला झालं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती.

"कसं म्हणाला तो? अगदी तसंच म्हणून दाखवा."

माणिकरावांनी घसा खाकरला. "ताप उतरला का रे?"

"इतक्या हळू?"

"नाही, जरा हसत."

"मग हसत म्हणा," विजयाताई म्हणाल्या, आणि डोळे मिटून ऐकू लागल्या.