सुट्टीवर आलेला माणूस आणि टीव्हीवरची बाई

साताऱ्यात किल्ल्याच्या उतारावर माझ्या नवऱ्याच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांचं घर होतं. घरावर बांबूला बांबू बांधून त्यांनी अँटेना उभी केली होती. हवा चांगली असली, तर पुण्याहून सुटणारं चित्र तिथं दिसायचं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. उंब्रजच्या बाजूला आमचं गाव. तिथं टीव्ही हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पाहिला कुणीच नव्हता.

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मालक त्या वर्षी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आम्ही एकत्र राहिलो ते त्यांच्या सुट्ट्यांपुरतंच. मुलगी चार वर्षांची. ते दारात ट्रंक टेकवून उभे राहिले तर ती माझ्या मागं लपली आणि म्हणाली, "आई, ह्यो मामा कवा जाणार?"

सगळे हसले. मालकही हसले. पण त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली.

आठवड्याभरानं सुभेदारांना भेटायला आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. मुलगी सासूबाईंपाशी राहिली. संध्याकाळी सुभेदारांनी खोलीत सतरंजी अंथरली, लाकडी पेटीची दारं सरकवली आणि बटण फिरवलं. आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांतून एक माणूस वर आला आणि सरळ माझ्याकडे बघून बोलू लागला. मी चटकन पदर डोक्यावर ओढला. सुभेदारीणबाई हसल्या, "आगं, त्याला तू दिसत न्हाईस!" तरी मी पदर खाली घेतला नाही.

त्या दिवशी टीव्हीसाठीच केलेला एक छोटा सिनेमा होता. एक नर्स घाटातल्या जुन्या बंगल्यात राहायला येते. मागच्या विहिरीवर पाणी काढायला जाते, तर तिथं तिला एक तरुण भेटतो. तो इंग्रजांच्या काळातला, रस्ता बांधायला आलेला. विहिरीपाशी गेलं की ती त्याच्या काळात पोचते. दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. पण ती दोन दिवसांनी परत गेली, की त्याच्याकडे दहा वर्षं उलटलेली असतात. त्याच्या कानाशी पांढरे केस येतात. पुढच्या खेपेला त्याच्या हातात काठी असते. ती मात्र तशीच, त्याच साडीत. शेवटी तो कठड्यावर बसून तिला विचारतो, "आज थोडी थांबशील का?"

मी श्वास रोखून बघत होते. काळ असा मागं-पुढं होतो, हे मला खोटं वाटलंच नाही. हातभर काचेत माणसं चालतात-बोलतात हे जर खरं, तर तेही खरंच असणार. सुभेदारीणबाई डोळे पुशीत होत्या. मी सहज मालकांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, मुठी गुडघ्यांवर घट्ट. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. बरंच अंतर मागं पडलं, तेव्हा मी हळूच विचारलं, "आवं, काल कशाचं एवढं लागलं?"

ते खिडकीबाहेरच बघत होते. "ती बाई म्हंजी मीच की गं," ते म्हणाले. "मी हितनं जातो, तिकडं रोज तेच. तीच बंदूक, तोच पहारा. परत येतो तवा पोरगी चालाय लागलेली असती. पुढच्या येळंला बोलाय लागलेली. तू बी दर खेपंला येगळीच दिसतीस. मधलं कुठं गेलं, मला कोण सांगणार?"

मला वाटत होतं, विहिरीवर वाट बघणारी मीच. त्यांनाही काही हुकतंय, हे सहा वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

"मी सांगते," मी म्हटलं.

"सगळं?"

"व्हय, सगळं."

तेव्हापासून उसाला पाणी पाजताना, गुरांना वैरण टाकताना मी सांगत राहिले. पोरीचा पहिला दात, तिला आलेला गोवर, सांगलीकडं माझ्या माहेरी तिनं नदीला घातलेली हाक. ते मध्येच थांबवायचे: "थांब, तवा तिच्या अंगात काय हुतं?" मी झबल्याचा रंगसुद्धा सांगितला. मग ते सांगू लागले. बर्फात उभं राहून घरचा उंबरा डोळ्यापुढं आणतात, ते. पत्रात लिहायला लाज वाटते, ते. ऐकताना मला वाटायचं, हा माणूस मला आत्ताच कुठं भेटतोय.

सुट्टी संपायच्या आधी ते सासूबाईंसमोर उकिडवे बसले. "आई, फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज करतो. हिला अन् पोरीला नेतो."

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझा बा बी पलटणीत हुता. त्येला मी कदी पुरतं बघितलंच न्हाई. ने."

वर्षभरानं क्वार्टर मिळाली. पुण्याहून रेल्वेत बसून आम्ही उत्तरेकडच्या एका छावणीत गेलो. दोन खोल्या, पुढं कडुनिंब. पहिल्या सकाळी मालक गणवेश चढवून परेडला निघाले, आणि सवयीनं मला वाटलं, आता वर्षभर दिसायचे नाहीत. मी दारातून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पोरगीही पायरीवर बसून राहिली.

दुपारी फाटक वाजलं. सकाळी गेलेला माणूस त्याच दिवशी परत आला होता. मी लाटणं हातात घेऊनच बाहेर धावले. ते गोंधळून म्हणाले, "काय झालं गं?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "आलासा व्हय!"