उपग्रहाची रजई

रजईचं गिऱ्हाईक रजई हातात तोलून बघतं, नाहीतर गालाला लावून बघतं. जयपूरच्या राजा पार्कातल्या माझ्या दुकानात त्या दिवशी आलेल्या मुलीने रजई उलटी केली आणि मोबाइलचा दिवा लावून टाके तपासले.

"हे हाताने घातलेत?"

"पायाने अजून कुणी घालत नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही. इंजिनियर होती. बंगळूरच्या एका खाजगी कंपनीत उपग्रह बनवायची, जयपूरला लग्नासाठी आली होती. उपग्रहालाही रजई लागते, हे मला तिच्याकडून कळलं. चंदेरी, पापुद्र्यासारख्या प्लॅस्टिकचे थर, मध्ये जाळी, कडेने शिवण. कापूस नाही. टाका ओढला तर पापुद्रा फाटतो, सैल सोडला तर थर सरकतात. त्यांना शिवणारे हात हवे होते.

मला काम हवं होतं, आणि त्याचा अंतराळाशी काही संबंध नव्हता. जयपुरी रजई थंडीत खपते. होळीनंतर माझ्याकडे शिवणाऱ्या आठ बायका रिकाम्या बसतात. त्यांतली सगळ्यात हुशार कारागीर मला आधीच बजावून बसली होती, "भाभीजी, या उन्हाळ्यात काम नसेल तर मी सोडाला भागातल्या नमकीनवाल्याकडे पॅकिंगला जाणार. शेव लोक बारा महिने खातात." ती गेली असती तर माझ्या धंद्याचा उजवा हातच गेला असता.

नमुन्याचं सामान आलं. माझ्या त्या हुशार कारागीर बाईने ते चुरगाळून आवाज ऐकला. "हे तर चिप्सच्या पाकिटाचं अस्तर! कुणाला पांघरायचंय?"

"उपग्रहाला."

"त्याला थंडी वाजते?"

"सावलीत गोठतो, उन्हात भाजतो."

"म्हणजे जयपूरचाच आहे," म्हणून ती शिवायला बसली.

घरी नवऱ्याने व्यवस्था समजावून सांगितली. तो सरकारी विमा कंपनीत अधिकारी आहे, व्यवस्था समजावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. उपग्रह खाजगी, पण सोडायची परवानगी सरकारची. कंपनीकडे स्वतःची यंत्रं नाहीत, म्हणून तपासणी सरकारी प्रयोगशाळेत, आणि त्यांचा उपग्रह जाणार तोही सरकारी रॉकेटवरून. "थोडक्यात, वऱ्हाड खाजगी आणि मांडव सरकारी," तो म्हणाला. "मांडवात तुझी रजई अडकणार बघ."

अडकली. प्रयोगशाळेने नमुना निर्वात पेटीत ठेवून तापवला. अहवाल आला: शिवण उत्तम, नमुना नापास. पेटीतल्या थंड काचेवर तेलकट धुकं जमलं होतं. असं धुकं वर कॅमेऱ्यावर बसलं तर उपग्रह आंधळा.

"आंटी, तुम्ही मशीनला कुठलं तेल घालता?" मुलीने फोनवर विचारलं.

"मशीनच नाही तर तेल कुठून घालू?"

आम्ही हात साबणाने धुतले, धागा बदलला, कारखान्यात, म्हणजे वैशाली नगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत, पुऱ्या-कचोऱ्यांना बंदी घातली. दुसरा नमुनाही नापास. कंपनीचा धीर सुटला. त्यांना लाँचची घाई होती, ते दुसरं कुणी शोधायला लागले. माझी कारागीर नमकीनवाल्याकडे जाऊन ड्यूटीच्या वेळा विचारून आली.

आम्हाला वाचवलं ते सरकारने, आणि तेही त्याच्या ज्या गुणाला मी जन्मभर नावं ठेवली त्या गुणाने. प्रयोगशाळेतले एक तपासणी अधिकारी नापास होण्याचं कारण कळल्याशिवाय फाइल बंद करेनात. कंपनी नको म्हणाली तरी ते आमच्या गच्चीवर आले. मूळचे सोलापूरचे निघाले.

"चहा?"

"नको. त्यांना शिवू द्या."

ते स्टुलावर बसून बघत राहिले. माझी कारागीर शिवत होती. तीन टाके, मग सुई डोक्याकडे, केसांतून एकदा फिरवायची, पुन्हा तीन टाके. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "माझी आई गोधडी शिवताना अगदी हेच करायची. सुई सरसर चालते."

बारा वर्षं मी हे रोज बघत होते, म्हणजे बघत नव्हते.

त्यांनी पेन काढलं. "बाईजी, केसांना काय लावता?"

"सरसोंचं तेल. इतवारच्या दिवशी आवळ्याचं."

त्यांनी दोन्ही तेलं शांतपणे फाइलीत लिहून घेतली. "हाय राम, माझ्या डोक्याचं तेल दिल्लीला जाणार!" ती म्हणाली. फाइल दिल्लीला जात नाही, हे तिला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

मग डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, हातात मोजे, आणि स्पिरिटने पुसलेली बारीक सुई. पहिला आठवडा तिने टोपीशी भांडण्यात घालवला. सुई केसांकडे जायची, टोपीवर आपटायची, आणि ती माझ्याकडे असं बघायची की टोपी जणू मीच विणली होती. तिसऱ्या नमुन्याची काच स्वच्छ निघाली.

काम काही डोंगराएवढं आलं नाही. चौघींना उन्हाळाभर पुरेल एवढं. पण नियमाप्रमाणे खोली बंद, धूळ नको, आणि एसी दिवसभर चालू. जयपूर, मे महिना. चिप्सच्या पाकिटाला हसलेल्या बाकीच्या बायका सकाळी नऊला दाराशी हजर, प्रत्येकीला अचानक विज्ञानाची आवड. चौघी निवडायच्या कशा, या चिंतेत मी वर गेले, तर माझ्या कारागीर बाईने पाळ्या आधीच लावलेल्या. भिंतीवर कागद, रोज तीन नावं, चौथं कायम तिचं स्वतःचं.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"दार लावा भाभीजी, धूळ येतेय," ती म्हणाली. "आणि आत यायचं असेल तर टोपी घाला."