देवाची इस्त्री

आमच्या भाऊजींचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, राहत्या घराची पुढची खोली. त्यात घोंगडी घातलेलं लांब टेबल, कोळशाची जड इस्त्री आणि भिंतीला लावलेले गाठोड्यांचे ढीग. पुढे विजेची इस्त्री आली, पण एक नियम शेवटपर्यंत बदलला नाही. सकाळी इस्त्री तापली की पहिलं प्रार्थनाघरातल्या वेदीवर अंथरायचं पांढरं कापड. मग बाकीची दुनिया. गिऱ्हाइकाचं लग्न असो नाहीतर मुलाखत, त्यानं थांबायचं. लोक हसायचे, म्हणायचे, ह्यांच्याकडे देवाचा नंबर पहिला, आपला काय लागायचा.

मीही हसत होते. नंतर हसू येईनासं झालं.

माझी ताई गेली तेव्हा तिची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. भाऊजींचा ताईवर फार जीव. ती टेबलाशेजारी घड्या घालत बसायची आणि हे इस्त्री फिरवताना तिच्याकडेच बघत राहायचे. कितीतरी सदरे त्यापायी करपले. ती गेली आणि त्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर उपदेशक बोलले, की देव ईर्ष्यावान आहे, त्याच्या जागी दुसरं कुणी बसलेलं त्याला खपत नाही. भाऊजी तिथूनच उठले आणि घरी गेले. मी मुलीला मांडीवर घेऊन तिथेच बसले होते, म्हणून पुढचंही ऐकलं. ही ईर्ष्या शेजाऱ्याच्या जळफळाटासारखी नव्हे, असं उपदेशक म्हणाले. आपलं माणूस परक्याच्या दारात उपाशी उभं राहिलं की घरच्यांचा जीव तुटतो, तशी ही. त्याला पहिला मान द्या, म्हणजे बाकीच्यांवरही नीट प्रेम करता येईल. हे मी भाऊजींना जाऊन सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं ठरलेलं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

त्या दिवसापासून त्यांनी लेकीला जवळ घेतलं नाही. खाणंपिणं, कपडालत्ता, शिक्षण, कशात कमी नाही. पण पाठीवर हात नाही की 'शाब्बास' नाही. ती शाळेत पहिली आली तेव्हा बातमी सांगायला धावत आली, तर हे म्हणाले, बरं, आणि कापडावर पाणी शिंपडायला लागले. तापानं फणफणली तेव्हाही आधी देवाचं कापड झालं, मग डॉक्टर. मी तेव्हा वाटेल ते बोलले. दगडाला पाझर फुटला असता, ह्यांना नाही. पोर माझ्या कुशीत झोपायची आणि विचारायची, मावशी, मी बाबांना का आवडत नाही? काय सांगणार? ते तसेच आहेत गं, म्हणायचे. खरं कारण मला तरी कुठे ठाऊक होतं?

मोठी झाल्यावर तिनं दूरदेशची नोकरी धरली. निघायच्या सकाळी तिनं प्रवासाचा ड्रेस टेबलावर आणून ठेवला आणि पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "बाबा, आज माझा आधी करा."

भाऊजींनी तो उचलून बाजूला ठेवला आणि पांढरं कापड पसरलं. एका कोपऱ्यात चुणी राहिली म्हणून पुन्हा ओलं केलं, पुन्हा फिरवलं. बाहेर टॅक्सी हॉर्न देत होती. शेवटी तिनं तो चुरगळलेलाच ड्रेस घातला. दारात थांबून ती म्हणाली, "मी कधीतरी पहिली होते का हो?"

"विमान चुकेल," भाऊजी म्हणाले.

सुरुवातीला तिचे फोन यायचे, मग माझ्याकडेच यायला लागले, मग सणासारखे कधीतरी. तिनं लग्न केल्याचंही मला नंतर कळलं.

भाऊजी आता थकले. हात कापतो, गिऱ्हाईक सुटलं. प्रार्थनाघरानं इस्त्री न लागणारं नवं कापड आणलं आणि जुनं ह्यांनाच देऊन टाकलं. तरी रोज सकाळी तेच कापड, तीच इस्त्री. परवा माझा तोल गेला. म्हटलं, देवाला पहिलं ठेवता ठेवता पोर घालवलीत, मिळालं काय तुम्हाला?

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "देवाला कुठे पहिलं ठेवलं मी? पहिली तीच होती. रोज. ह्या कापडावर इस्त्री फिरवताना एकच म्हणायचो, हिला नेऊ नको, बघ, मी हिच्याकडे बघतही नाही."

मी खाली बसले. इतकी वर्षं ज्याला मी दगड म्हणत होते, तो माणूस इतकी वर्षं देवाशी लपंडाव खेळत होता. "मग देवाला काय दिलंत भाऊजी?"

"कापड," ते म्हणाले.

तेल गेलं, तूप गेलं, असं म्हणतात. मला फार रडू आलं. मी तिथंच भाचीला फोन लावला आणि भाऊजींना म्हटलं, हे आत्ता मला सांगितलंत ना, ते तिला सांगा. बाकी काही नको. फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता. "बाबा? काही काम होतं का?"

भाऊजींचे ओठ हलले. डोळे भरून वाहत होते. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी एकदा त्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "सहज केला."

तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी विचारलं, का नाही बोललात? आता तरी कशाची भीती?

"तो ऐकतोय ना," भाऊजी हळूच म्हणाले, आणि कापडावर पाणी शिंपडायला लागले.