मधलं नाणं

दागिना हातात आला की सबनीसकाका आधी तो उलटा करत. "पुढून सगळेच छान दिसतात. पाठ दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात तीस वर्षं मोटारींचे ब्रेक तपासून निवृत्त झालेला हा माणूस जुने बल्गेरियन दागिने जमवायचा. नाण्यांच्या माळा, पदकं, कमरपट्ट्यांची चांदीची बक्कलं. एका मेळ्यात कुणा बल्गेरियन बाईच्या गळ्यातली माळ पाहून ते ओरडले होते, "अरे, ही तर आमच्या आईची पुतळ्यांची माळ!" तिथून सुरुवात झाली. संग्रहाची यादी मी ठेवायचे : वस्तू, गाव, धातू, अस्सल की नक्कल. काका मला 'यादीबाई' म्हणत. काका आता नाहीत. यादी आहे.

खोटं त्यांना पचत नसे. एकदा गणपतीच्या जेवणाला त्यांनी यजमानीणबाईंची मोहनमाळ उलटून पाहिली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वहिनी, एक ग्रॅमवाली आहे ही." त्या वर्षी तीन घरांची आमंत्रणं बंद झाली. काकांचं म्हणणं, "ब्रेक लागत नसेल तर लागत नाही म्हणायचं. मग कुणाला राग येवो."

म्हणूनच राडकाआजींकडे जाताना मला धास्ती वाटत होती. या बल्गेरियन आजी आपल्या लग्नातली माळ नातीला, मिलाला, देणार होत्या. मिलाचं लग्न शनिवारी. तिला माळेची नीट माहिती लिहून हवी होती.

काकांनी माळ उलटली. बाकीची नाणी कापडावर घासून घासून मागून गुळगुळीत झाली होती. मधल्या मोठ्या नाण्याची पाठ मात्र कोरी करकरीत. काकांनी ते तळहातावर तोललं. राडकाआजींनी टेबलाची कड घट्ट धरली.

"ऑल ओरिजिनल, राइट?" मिलाने विचारलं.

काकांनी नाणं पुन्हा एकदा उलटलं. मी पेन हातात धरून बसले होते. आता काका तोंड उघडणार आणि शनिवारचं लग्न सुतकासारखं होणार, असं मला वाटलं.

"ते मी सांगायचं नाही," ते शेवटी इंग्रजीत म्हणाले. "ज्यांनी ही माळ सांभाळली, त्या इथेच बसल्यात. त्यांना विचार." माळ आजींच्या हातात ठेवून ते उठले. "चल, यादीबाई."

"अहो, पण धातूचा रकाना..."

"चल म्हटलं ना!"

बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ होता. काकांचा कोट आतच राहिला, तरी ते गाडीत बसेनात. "चुकलो का गं? म्हातारीला कोंडीत पकडलं मी," ते तीनदा म्हणाले.

पंधरा मिनिटांनी मिला कोट घेऊन आली. डोळे लाल, आणि स्वेटशर्टवर ती माळ.

"डॅडला इकडे अमेरिकेत पाठवायला आजीने खरं नाणं विकलं. त्याला माहीतच नव्हतं! आत्ता फोनवर सांगतेय त्याला. दोघंही रडतायत." तिने मधलं नाणं चिमटीत धरलं. "अंकल, हा दोरा सैल झालाय. शनिवारी तुटणार नाही ना?"

"दुहेरी दोऱ्याने ओव," काका म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी नाक पुसलं.

"लिही. मधलं नाणं पितळी. घरच्यांना ठाऊक."