युरोपच्या आधी अनमोड

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं धारवाडहून निघालो. जायचं होतं युरोपला; पण त्याआधी गोव्याला.

युरोपची योजना ह्यांची. म्युनिकला गाडी भाड्यानं घ्यायची आणि ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया करत इटलीत उतरायचं. अठरा दिवस, पाच देश. वकिली कमी केल्यापासून ह्यांनी त्याची फाइल तयार केली होती. टोलचा स्टिकर कुठल्या देशात लागतो, भाड्याची गाडी सीमेपार न्यायला परवानगी कशी घ्यायची, सगळं त्यात होतं. पण एका सकाळी घरीच ह्यांना फिट आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं.

"मग राहू दे," हे म्हणाले.

मी म्हटलं, मी शिकते. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतले कारखाने रविवारी बंद असतात. तिथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मी शिकले. लायसन्स काढून वर्षभर हुबळी-धारवाड केलं. आता प्रश्न घाटाचा होता, कारण ह्यांच्या रस्त्यात आल्प्स होते. म्हणून ही तालीम: अनमोड घाटानं गोव्यात उतरायचं, दुसऱ्या दिवशी आंबोलीनं महाराष्ट्रातून वर यायचं. जमलं तर सोमवारी बुकिंग पक्कं करायचं.

अळणावरला गिरमिट (कांदा-चिंच घालून परतलेले चुरमुरे) खाल्लं. टपरीवालीनं मला स्टिअरिंगमागं बसताना पाहिलं.

"अक्कार, गाडी नीव ओडस्तीरेन्री?" (ताई, गाडी तुम्ही चालवता?)

"हौद्री," (हो तर) मी म्हटलं.

तिनं ह्यांच्याकडे एकदा पाहून घेतलं. "निधान होग्री," (सावकाश जा) ती म्हणाली. ते आमच्यापैकी कुणाला, कळलं नाही.

रामनगरपर्यंत जंगल, सावली, गुळगुळीत रस्ता. घाटात तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला. मी डावीकडे घेत होते, जागाही होती. तेवढ्यात ह्यांनी हात घालून हँडब्रेक ओढला. गाडी मागून घसरली आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"हे काय केलंत?"

"तू ओढला नसतास."

"ओढायचाच नव्हता तो!"

मी गाडी बंद केली.

"मागं बसा," मी म्हटलं. हे उतरले आणि मागं जाऊन बसले.

मडगावला खोलीत सामान टाकलं. तालमीचा रस्ताही ह्यांनी युरोपच्याच फाइलीत लावला होता. दुसऱ्या दिवसाचा बघायला मी ती उघडली, तर त्यात आंतरराष्ट्रीय परवाने दोन. एक माझा. दुसरा ह्यांचा, महिन्यापूर्वीच काढलेला. बुकिंगच्या अर्जावरही दुसरा चालक म्हणून ह्यांचं नाव होतं. परवाना काढताना फिटचं सांगितलं नसणार, हे उघड होतं.

जेवताना मी तो ताटाशेजारी ठेवला. "हा कशाला?"

"असावा म्हणून."

"आणि तिथं चालवताना फिट आली तर?"

हे बांगड्याचे काटे काढत राहिले. कढी चांगली होती, पण दोघांनीही परत वाढून घेतली नाही.

सकाळी हे न सांगता मागं बसले. सावंतवाडीनंतर आंबोलीचा चढ लागला. एका वळणावर पुढची एसटी थांबली, मागं जीप येऊन चिकटली. मी निघू गेले तर गाडी बंद पडली आणि थोडी मागं सरकली. जीपवाल्यानं हॉर्न धरला. मी ब्रेक दाबून आरशात पाहिलं. ह्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, डोळे मिटले होते. मी हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, क्लच हळूहळू सोडला. गाडी चढली.

वर चहाला थांबलो.

"काल तुझ्या चालवण्याची भीती नव्हती वाटली," हे म्हणाले. "हात रिकामे असले की वाटतं, आता फिट येणार. चाक हातात असताना तसं कधी वाटलं नाही."

"घरी आली तेव्हा हातात काय होतं?"

"वर्तमानपत्र," हे म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

बेळगावकडे निघताना हे पुढं येऊन बसले. बेळगावनंतर हमरस्ता, संध्याकाळी पाचला घरी पोचलो.

सोमवारी ह्यांनी माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. "चालक एकच. मिसेस. माझं नाव काढा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "लायसन्स आहे हो, पण मला फिट येते," हे म्हणाले. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट ह्यांनी पहिल्यांदाच सांगितली. त्यांचा आवाज कोर्टात तारीख मागावी तसा सरळ होता.

तिकडे चालक डावीकडे बसतो. म्हणजे तीस वर्षं ह्यांनी जिथं बसून गाडी चालवली, त्याच बाजूला ह्यांना समोर चाक नसताना अठरा दिवस बसायचं आहे. जमेल का, असं मी विचारलं.

"बसेन की," हे म्हणाले. "अनमोडनं मी शंभरदा उतरलो असेन. दरी परवा पाहिली, मागं बसून."

मी दोन घाट चालवले. दरी कशी होती, मला विचाराल तर सांगता येणार नाही.