सुखराम जेवायला बसलाय

"मलकिन आज आवाज ना देहलिन," एवढंच फुलमती फोनवर म्हणाली आणि मालकिणीची हाक आली नाही म्हणताच आम्ही तसेच निघालो. फुलमती म्हणजे माझ्या कुसुममावशीची शेजारीण. रामनगरच्या पलीकडच्या गावात दोघींची अंगणं एका भिंतीच्या अल्याडपल्याड. नदीअलीकडच्या आमच्या बालाजी घाटावरून आम्ही पोचलो, तोवर मावशी गेली होती… टोमॅटोच्या वाफ्याशेजारी, एकटी. त्याला आता महिना होऊन गेला.

काका त्या गावात शाळामास्तर होते. त्यांच्या मागेही मावशीनं तिथला भाजीचा मळा सोडला नाही. तोडणीला माणसं मिळत होती तोवर ठीक चाललं. मग एकेक करत सगळे सुरतेला गेले. शेवटी सुखरामही गेला, ज्याच्या भरवशावर मळा उभा होता. गेल्या हिवाळ्यात टोमॅटो झाडावरच सडले, आजूबाजूच्या घरांना कुलपं लागली आणि भरदिवसा कुणीतरी समोरच्या घरातली पाण्याची मोटर उचलून नेली. तेव्हापासून मावशी घाबरली. माकडांच्या मागे काठी घेऊन धावणारी आमची मावशी!

"चल ना आमच्याकडे," तेव्हा एकदा तिच्याकडे गेले असताना मी म्हटलं.

"तुमच्या गल्लीत? तिथे श्वास घ्यायलाही नंबर लावावा लागतो, बाई," म्हणत तिनं विषय उडवून लावला. पण दिवेलागणीला ती अंगणात उभी राहून ओरडली, "सुखराम, गाय अंदर बाँध दी क्या?"

मी दचकलेच. गाय केव्हाच विकलेली, सुखराम सुरतेत. भिंतीपलीकडून फुलमतीचं खणखणीत उत्तर आलं, "ऊ त खाए बइठल हउवन, मलकिन!" म्हणे, तो जेवायला बसलाय!

मावशी हसली. "येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायला हवं ना, घरात पुरुषमाणूस आहे." मग फुलमतीनं सुरतेतल्या आपल्या मुलाला, रमेसवाला, हाक मारली आणि त्याच्या वतीनं मावशीनं ओ दिली. रोजचंच होतं ते.

परवा घर आवरून कुलूप घातलं. दिवस कलला होता, आणि खरं सांगते, मला तिथे अंधार पडायच्या आत निघायचं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "ए रमेसवा, आ गइले का रे?"

फुलमती उत्तराची वाट बघत होती. मी भिंतीकडे वळले.

"आ गया, काकी! हाथ-मुँह धो रहा है!" मी ओरडले, आणि गाडीत जाऊन बसले.

हे लिहितेय तर खिडकीबाहेर दिवे लागलेत. गल्लीत नेहमीचा गलका आहे, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिकडे फुलमती आत्ता हाक मारत असेल.